पार्किन्सन्स : पाण्यातला व्यायाम की जमिनीवरचा? अनुभव सांगा

पाणकोंबडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला बसले कारण घरात यावरून रोज वाद चाललेत आणि माझं डोकं भणभणलंय.

बाबा 71 वर्षांचे, पार्किन्सन्सचं निदान होऊन 6 वर्षं झाली. उजवा हात थरथरतो, चालताना तो हलतच नाही, अंगाला शिवून टाकल्यासारखा राहतो. पावलं बारीक झालीत आणि गेल्या वर्षापासून दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात, म्हणजे वरचं अंग निघालं पुढे आणि पाय तिथेच. बाबा एकेकाळचे पट्टीचे पोहणारे, म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांना छातीइतक्या पाण्याच्या पूलमध्ये न्यायला लागलो, पोहायला नाही, नुसतं चालायला. पहिल्याच दिवशी मी काठावर बसून रडले हो. माणूस लांब लांब ढांगा टाकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला, हात सुद्धा हलत होते!

आणि मग पंधरा दिवसांपूर्वी चेंजिंग रूममध्ये पडले. पाण्यातून नीट बाहेर आले होते, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात चप्पल, मागून कुणीतरी हाक मारली म्हणून वळले आणि आडवे. कोपर सोलवटलं, हाड वाचलं. आता भाऊ म्हणतो पूल बंद, आई म्हणते तिथेच तर हा माणूस हसतो, आणि मला कळत नाहीये की पाण्याचा खरंच फायदा होतोय की आम्ही आपलं बरं वाटतंय म्हणून जातोय. कारण घरी आलं की दारात परत तेच!

तर ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी लिहा प्लीज.

काठीवाला

मी स्वतः पेशंट. 9 वर्षं झाली. एका बोटाने टाइप करतोय, चुका पोटात घाला.

तुमचे बाबा पाण्यामुळे पडले नाहीत. दोन्ही हातांत सामान, मागून हाक, आणि जागच्या जागी वळण, या तीन गोष्टी एकदम आल्या म्हणून पडले. यातली एक असती तर सांभाळलं असतं. आमच्या डोक्यात एका वेळी एकच काम चालतं असं समजा. चालणं हे तुमच्यासाठी काम नाही, आपोआप होतं. आमच्यासाठी ते काम आहे. मी चालत असताना बायकोने "किल्ली घेतली का" विचारलं की मी थांबतो, उत्तर देतो, मग चालतो. आधी चिडायची, आता ती पण थांबते.

पाण्यात का जमतं ते सांगतो. जमिनीवर तोल गेला की पुढच्या क्षणी तुम्ही खाली असता. पाण्यात तोल गेला तर हळू जातो, पाय टाकायला वेळ मिळतो. भीती जाते. आणि भीती गेली की निम्मं चालणं परत येतं, हा माझा अनुभव आहे, डॉक्टरी मत नाही.

बोट दुखलं. उद्या लिहितो.

हातपायहलवा

काठीवाला काकांनी नेमकं सांगितलंय. मी फिजिओ आहे, न्यूरोचे (मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचे) पेशंट बघते, त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी पाणी काय करतं ते. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंत गेलं की सुमारे एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत गेलं तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून गुडघे दुखणारा माणूसही पाण्यात ढांगा टाकतो. दुसरं, पाण्याचा विरोध वेगाबरोबर सरळ वाढत नाही, वेग दुप्पट केला तर विरोध जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे हात मोठ्ठा आणि जोरात फिरवला की स्नायूंना आपोआप ताकदीचा व्यायाम मिळतो, वजनं उचलायची गरज नाही. तिसरं, पाणी चारी बाजूंनी दाबतं, त्यामुळे आपला हात कुठेय, पाय कुठेय हे शरीराला जास्त कळतं. पार्किन्सन्समध्ये ही जाणीवच गंडते, पेशंटला वाटतं आपण मोठं पाऊल टाकलं, प्रत्यक्षात ते वीतभर असतं.

आता पाणी काय करत नाही ते, आणि धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. पाणी तुम्हाला पटकन सावरायला शिकवत नाही. तिथे सगळंच सावकाश घडतं ना! जमिनीवर धक्का लागला की क्षणात पाऊल मागे टाकावं लागतं, आणि या आजारात नेमकं तेच मंदावतं. शिवाय वजन कमी पडत असल्यामुळे हाडांना आणि पायांच्या स्नायूंना जो भार हवा तोही कमी मिळतो. खुर्चीतून उठणं, पलंगावर कूस बदलणं, पडलंच तर जमिनीवरून उठणं, अरुंद दारातून जाणं, हे सगळं जिथे करायचंय तिथेच घोटवून घ्यावं लागतं. पाण्यात दार नसतं! म्हणून बाबा पूलमध्ये राजा आणि घराच्या दारात परत तेच, यात आश्चर्य नाही.

तर पूल बंद करू नका, फक्त त्यालाच सगळा व्यायाम समजू नका. साधारण आराखडा म्हणाल तर 2021 मध्ये अमेरिकेच्या पार्किन्सन्स फाउंडेशनने क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेबरोबर ज्या शिफारसी काढल्या त्यात असं आहे की धाप लागेल असा व्यायाम आठवड्यात किमान 3 दिवस, दर वेळी 30 मिनिटं, ताकदीचा 2 ते 3 दिवस पण लागोपाठ नको, बॅलन्सचा 2 ते 3 दिवस रोजच्या हालचालींबरोबर गुंफून, आणि ताण देण्याचे (स्ट्रेचिंगचे) प्रकारही तसेच. पाण्यातले दिवस यात बसतात, पण सगळे नाही.

बाबांची गोळी किती वाजता असते आणि तुम्ही पूलला किती वाजता जाता?

पाणकोंबडी

बापरे, किती नीट समजावलंत. गोळी 8 ला, पूल 10 ला, घरी येईपर्यंत 12 होतात, पुढची गोळी 12 ची.

हातपायहलवा

मग ते पडले तेव्हा साधारण पावणेबारा झाले असणार? म्हणजे गोळीचा असर उतरायच्या वेळेला तुम्ही त्यांना सगळ्यात निसरड्या खोलीत उभं करताय. पाण्यात जाताना नव्हे, पाण्यातून बाहेर येऊन कपडे बदलून होईपर्यंत गोळीचा असर हवा. वेळ अलीकडे आणा, गोळीच्या वेळा बदलायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून.

अजून एक. कोमट पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, पण पाण्याचा दाब त्यांना धरून ठेवतो. बाहेर आलं की तो दाब एकदम जातो आणि बीपी खाली येतं. पार्किन्सन्समध्ये आणि त्याच्या औषधांनी उभं राहिल्यावर बीपी पडायची सवय आधीच असते. म्हणून पायऱ्या चढून आल्यावर लगेच चालू लागायचं नाही, काठाशी खुर्ची ठेवायची, दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मगच उठायचं. अंगसुद्धा बसूनच पुसायचं, कपडेही बसूनच. आणि पाणी प्यायला विसरू नका, पाण्यात घाम येतो पण कळत नाही.

शंकासुर

सगळं छान, पण यातलं सिद्ध किती झालंय? बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक असतो. व्यायामाने पार्किन्सन्स बरा होतो अशा फॉरवर्डांचा मला भयंकर तिटकारा आहे.

हातपायहलवा

शंकासुर, तिटकारा मलाही आहे. बरा होत नाही. डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी गेल्या त्या गेल्या.

पण ट्रेडमिलचा एक अभ्यास बघण्यासारखा आहे, स्पार्क्स नावाचा. निदान नुकतंच झालेले आणि अजून औषध सुरू न केलेले 128 लोक, आठवड्यात 4 दिवस, 6 महिने. एका गटाने हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या 80 ते 85 टक्के जोर लावला, दुसऱ्याने 60 ते 65, तिसरा गट नेहमीसारखा राहिला. जोर लावणाऱ्यांची हालचालींची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास जागच्या जागी राहिली, तिसऱ्या गटाची वाढली. ताई ची म्हणजे सावकाश करायचा चिनी व्यायाम, त्याचा 2012 चा अभ्यास 195 लोकांचा, 24 आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्यात नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं.

पाण्याचे अभ्यास छोटे आहेत हे मान्य. 2011 चा एक तर फक्त 11 जणांचा. त्यात जमिनीवरच्या गटाचीही प्रगती झाली पण तोलाच्या मुख्य चाचणीत पाण्यातल्यांचीच झाली. 2014 मध्ये 34 जणांवर केलेल्या अभ्यासातही तोल आणि पडण्याची भीती या बाबतीत पाणी सरस ठरलं. एवढ्यावरून पाणी जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण धोका सांभाळला तर ते जमिनीपेक्षा कमी पडत नाही एवढं म्हणायला हरकत नाही.

शंकासुर

ओके, मानलं. 11 लोकांवरून कुणी धर्म काढला नाही म्हणजे मिळवलं.

दोनचाकी

मिस्टरांना पार्किन्सन्स आहे. आमच्याकडे पाण्याची दोघांनाही भीती, त्यामुळे आमचं सगळं जमिनीवरच. 2010 साली नेदरलँडच्या डॉक्टरांनी एक व्हिडिओ छापला होता, त्यात एक माणूस चार पावलं धड चालू शकत नाही, पडतोच, आणि त्यालाच सायकलवर बसवल्यावर मस्त गोल फिरवून आणतो, उतरला की परत पाय चिकटतात. तो बघून आम्ही घरी एका जागी उभी राहणारी सायकल आणली. रस्त्यावर नको हं, एकदा थांबून पाय टेकायची वेळ आली की तिथे गडबड होते. रोज 30 मिनिटं, आधी शिव्या घालत, आता स्वतःहून. झोप सुधारली हा मोठा फायदा, आणि पोट साफ होतं, तेही सांगते कारण यावर कुणी बोलत नाही पण पार्किन्सन्सच्या घरात अर्धा दिवस त्याच विषयावर जातो 😄

आणि दारासाठी एक उपाय. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, रंगीत टेपच्या, दोन पट्ट्यांमध्ये एका नीट पावलाचं अंतर, दाराच्या अलीकडून पलीकडे. आधी मला वाटलं होतं पोरखेळ आहे. पण माणूस दारात खांबासारखा उभा असतो आणि पट्टी दिसली की पाय उचलून पलीकडे टाकतो, मी स्वतः रोज बघते!

काठीवाला

परत आलो. पट्टीचं खरं आहे. आपोआप चालायचा मेंदूतला रस्ता आमचा खचलाय. समोर पट्टी दिसली किंवा ताल ऐकू आला की मेंदू दुसऱ्या रस्त्याने जातो. मी ओठातल्या ओठात मोजतो, एक दोन, एक दोन.

पाय चिकटला तर घरच्यांनी ओढू नये. ही विनंती नाही, हात जोडून सांगतोय. ओढलं की वरचं अंग येतं, पाय येत नाहीत, मग पडतो. गर्दीत मागून "चला चला" म्हटलं की अजून घट्ट चिकटतात. थांबायचं, श्वास, अंग डावीकडे उजवीकडे झुलवायचं, म्हणजे एका पायावरचा भार सुटतो, मग एक मोठ्ठं पाऊल. वळताना जागेवर फिरायचं नाही, बैलगाडी वळते तसं मोठा वळसा घेऊन.

पाण्यात सुद्धा मी पट्टी वापरतो. पूलच्या तळाला गडद टाइल्सची लाइन असते ना, तिच्या कडेकडेने चालतो. लाइन आडवी आली की ओलांडतो. पण खाली मान घालून नाही, नजर चार हात पुढे. फक्त एक फसगत आहे, पाण्यातून तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. उतरताना शेवटची पायरी आली असं वाटतं आणि पाय अधांतरी. आमची खोलीची नजर आधीच अधू. म्हणून उतरताना डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, रेलिंग धरून उलटा उतरतो, शिडी उतरतात तसा, आणि पायाने चाचपतो.

बॅटरीवाला

हा धागा आज दिसला. एक गोष्ट सांगायलाच हवी म्हणून लॉगिन केलं. माझी डीबीएस झालीय, म्हणजे मेंदूत तारा आणि त्यांना वीज पुरवायला छातीत बॅटरी. ऑपरेशननंतर थरथर गेली, चालणं सुधारलं, मी खूश. लहानपणापासून पोहतो, त्यामुळे सुट्टीत सरळ पाण्यात उतरलो. कमरेइतकंच पाणी होतं म्हणून आज हे लिहितोय. हात पाय दोन्ही हलत होते पण एकमेकांशी जुळेनात, पोहायचं कसं तेच अंगाला आठवेना. उभा राहिलो आणि घाबरून बाहेर आलो.

नंतर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा कळलं की हे एकट्या माझं नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी अशा 9 जणांची नोंद छापली आहे, सगळे आधी चांगले पोहणारे, ऑपरेशननंतर चालणं सुधारलं पण पोहणं गेलं. त्यातल्या तिघांनी मशीन बंद करून पाहिलं तर पोहणं लगेच परत आलं. (मशीन स्वतः बंद करून बघू नका, कृपा करा.) असं प्रत्येकाचं होतं असं नाही. पण डीबीएसवाल्याने पहिल्यांदा पाण्यात जाताना पाय टेकतील एवढंच पाणी, आणि शेजारी पोहता येणारा माणूस, यात तडजोड नको.

आणि डीबीएस नसली तरी, पूर्वी पोहणारा म्हणून कुणी भरवसा ठेवू नये. एकीकडचा हात कमी चालतो, मग माणूस गोल फिरतो. गोळी मध्येच उतरली की खोल पाण्यात काय करणार?

पाणकोंबडी

अंगावर काटा आला वाचून. बाबांची डीबीएस नाही पण ते परवाच म्हणत होते, "एकदा खोल बाजूला जाऊन येतो." बरं झालं वेळेत वाचलं.

आजीचीनात

थोडं फुटकळ लिहिते. आजीला गिळायचा त्रास होता, त्यामुळे तोंड पाण्याजवळ जाईल असे सगळे प्रकार आम्ही टाळले, भिंतीकडे तोंड करून उभ्याचेच व्यायाम. लघवीची घाई असते, म्हणून आत जाण्याआधी एकदा जाऊन येणं सक्तीचं. पाणी फार गार असलं की आजी आखडायची आणि फार गरम असलं की बाहेर आल्यावर चक्कर. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, अनवाणी नको, काठावरच्या ओल्या फरशीवर त्याचाच खरा उपयोग.

शंकासुर

अवांतर: पाण्याचं तापमान नक्की किती हवं? गार गरम म्हणजे प्रत्येकाचं वेगळं.

हातपायहलवा

सावकाश व्यायाम आणि आखडलेलं अंग सैल करायचं असेल तर 33 ते 35 अंश, धाप लागेल असं जोरात करायचं असेल तर 28 ते 30 च्या आसपास. गरम पाण्यात जोरात व्यायाम नको.

आणि पाणकोंबडी, पाण्यात नुसतं चालवू नका हो. पुढे चालणं सगळ्यात सोपं, ते बाबांना जमतंच. बाजूला चाला, मागे चाला (मागे जाताना तुम्ही मागे उभं राहायचं), मध्येच थांबा म्हणा, वळसा घ्यायला लावा. दोन्ही हात पाण्याखाली पसरून धड डावीकडे उजवीकडे फिरवणं, कारण पार्किन्सन्समध्ये मान, पाठ, कंबर एक फळी होते आणि माणूस सगळाच्या सगळा वळतो. आणि तुम्ही त्यांच्याभोवती हाताने पाणी घुसळायचं, त्यांनी त्या लाटांत स्थिर उभं राहायचं. धक्का खाऊन उभं राहायची तालीम जमिनीवर सुरू करायच्या आधी ही इथे करता येते, पडायची भीती नाही.

मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तीच हालचाल जमिनीवर. पाण्यात दहा वेळा मोठा वळसा घेतला ना, तर घरी स्वयंपाकघराच्या दारात तोच वळसा दहा वेळा. हा दुवा जोडला नाही तर पाण्यातलं पाण्यातच राहतं. घरचे व्यायाम म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणं (पाय मागे, नाक बोटांच्या पुढे, मग उठा), भिंतीला पाठ लावून हात वर, कोपऱ्यात उभं राहून तोलाचे प्रकार म्हणजे पडायला दोन्हीकडे भिंत आहे. सगळं मोठ्ठं करायचं, आणि त्यांना "नीट चाला" म्हणू नका, त्याचा काही उपयोग नसतो, "मोठं पाऊल" म्हणा.

दोनचाकी

नाक बोटांच्या पुढे!! आमचे हे गेली दोन वर्षं सोफ्यातून उठताना मला हात द्यायला लावतायत. आत्ता करून बघितलं, तिसऱ्या वेळी उठले. मग परत बसले आणि म्हणाले, हात दे 🤦

पाणकोंबडी

दीड महिन्यानंतर धागा वर काढतेय, राग नको.

डॉक्टरांना विचारून वेळ बदलली. आता गोळी लागू पडली की पूल, आणि अकराच्या आत आम्ही घरी. आठवड्यात दोन दिवस पाणी, तीन दिवस घरी सायकल (दोनचाकी, तुमच्यामुळे), तोलाचं रोज थोडं थोडं. टॉवेल चप्पल सगळं मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत घेते, बाबांचे दोन्ही हात मोकळे. चेंजिंग रूममध्ये खुर्ची ठेवायला त्यांनी आधी का कू केलं, मी दोनदा मागे लागले, मग मिळाली.

पहिले दोन आठवडे घरात काहीच फरक नव्हता. भाऊ रोज विचारायचा, "झालं का समाधान?" तिसऱ्या आठवड्यात दाराजवळ पट्ट्या लावल्या. परवा सकाळी मी नेहमीसारखी दारात उभी राहून "एक दोन" म्हणायला लागले तर बाबा म्हणाले, "तू मोजू नकोस, माझं चुकतं." आणि स्वतः मोजत आले. चिकटले, पण दोन सेकंद, झुलले आणि आले. संध्याकाळी मात्र गोळी उतरलेली असताना त्याच दारात पाच मिनिटं गेली आणि दोघंही रडकुंडीला आलो, तेही सांगायला हवं.

खोल बाजूला जायचं अजूनही म्हणतातच.

काठीवाला

म्हणू देत. मीही म्हणतो.

आजीचीनात

टेप कुठल्या रंगाची लावलीत? आमच्या ओळखीच्यांना सांगायचंय, त्यांची फरशी पांढरी आहे.

पाणकोंबडी

आमची फरशीही फिकी आहे, गडद निळी लावली. फरशीहून वेगळी उठून दिसली पाहिजे एवढंच. चकाकणारी घेऊ नका, उजेड पडला की ओली जागा वाटते आणि बाबा तिथेच थांबायचे. आणि कडा उचकटली की त्याच दिवशी बदला, पाय अडकतो.